श्रीरंगाची शांतता

आमच्या शेजारचा श्रीरंग पापड खायला घराबाहेर जातो. ताट आत, पापड बाहेर. जिन्याच्या कठड्याला टेकून कडाकडा पापड संपवायचा, बोटं झटकायची आणि पुन्हा आत जाऊन सांबार-भाताला बसायचं. मद्रासजवळच्या ह्या अंबत्तूरमध्ये माझी पंचेचाळीस वर्षं गेली. नमुने पुष्कळ पाहिले, पण हा पहिला नंबर.

मी चौथी पास. कराडहून आलो आणि इथल्या कारखान्यांत फिटर म्हणून हयात काढली. हा साताऱ्याचा, इंजिनियर, चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. ऑफिस नुंगंबाक्कमला आहे म्हणे, पण साहेब काम करतात घरात, कॉम्प्युटरपुढे बसून. आणि त्या कॉम्प्युटरच्या पंख्याशी ह्याचं हाडवैर!

कारण मात्र सरळ सांगतो. साताऱ्याला म्हातारी आई एकटी. तिची नजर गेलेली, घशाच्या ऑपरेशननंतर आवाजही सुतासारखा बारीक झालेला. तिथली शेजारीण सकाळी आईच्या मोबाईलवरून ह्याला फोन लावून देते आणि तो दिवसभर चालू राहतो. ती तिकडे खुर्चीत, हा इकडे खुर्चीत. ह्याचा मोबाईल कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

"बोलत काय असता एवढं?" मी विचारलं.

"काही नाही, काका. पण तिने कधी हाक मारली तर? ह्या घरघरीत मला ऐकूच येत नाही."

"मग कानात ती बोंडं घाल की."

"कानात ऑफिस असतं, काका."

घ्या! एवढं शिकून कान दोनच.

मग ह्याने शांततेचा ध्यास घेतला. दारावरची बेल काढून टाकली. खुर्चीच्या पायांना मोजे घातले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून त्याची रवानगी बाथरूममध्ये. दुसऱ्या एका मोबाईलवर आवाज मोजायचा आणि उठसूट म्हणायचं, "आधी रीडिंग घेऊ." मी शिंकलो तरी रीडिंग. मद्रासच्या मे महिन्यात छताचा पंखा बंद करून हा घामाने निथळत बसतो, कशासाठी, तर कॉम्प्युटरचा पंखा किती ओरडतो ते नीट मोजायला!

खालच्या मजल्यावरच्या मामींनी मला विचारलं, "सार, त्या घरात कुणी आजारी आहे का?"

"आहे. डोक्याने," मी म्हणालो.

त्याला समजावलंही. "अरे, आमच्या कारखान्यात मशीन गप्प झालं की मालक धावत यायचा. आवाज आहे म्हणजे काम चाललंय."

"ते वेगळं, काका."

शिकलेल्यांचं सगळंच वेगळं असतं.

शेवटी नवा कूलर आला. कॉम्प्युटरच्या आत त्याचं डोकं असतं, त्याला प्रोसेसर म्हणतात. ते तापतं म्हणून त्यावर हे बसवायचं. जुना होता आमटीच्या वाटीएवढा. नवा बघितला आणि मला हसू आवरेना. तांब्याच्या नळ्या, पत्र्याच्या पात्यांची चळत आणि दोन्ही अंगांना एकेक पंखा. शहाळ्याएवढं धूड! ह्याने अर्धा दिवस व्हिडिओ बघून ते बसवलं. मध्ये पांढरी पेस्ट लावायची, तीही म्हणे वाटाण्याएवढीच. वाटाणा केवढा हे ठरवण्यात पाऊण तास.

सुरू केला. आवाज नाही. श्रीरंगाचा चेहरा उजळला. दहा मिनिटांत कॉम्प्युटर तापून बंद! पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

मग ह्याला काका आठवले. मी सगळं खोलायला लावलं आणि कूलरच्या बुडावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत लागला. धातू असा लागत नाही. नखाने खरवडलं तर पारदर्शक कागद निघाला. त्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं.

"काय लिहिलंय?"

इंजिनियर साहेबांनी खाली मान घालून वाचलं, "बसवण्याआधी काढावा."

कागद काढून कूलर पुन्हा बसवला. मग पान्याचं एक टोक डब्याला आणि दुसरं कानाला लावलं, बेअरिंग तपासायचो तसं. काही नाही. मेल्यासारखा गप्प.

तिसऱ्या दिवशी माझ्या दारावर बोटाने टकटक. श्रीरंग. डोळे ओढलेले.

"काका, मी फेकलेला तो जुना पंखा कचऱ्यातून तुम्ही उचललात ना?"

"उचलला. चालू वस्तू फेकतात का? का रे?"

तो मला त्याच्या घरात घेऊन गेला. मी बसतोय तोच मोबाईलमधून बारीक आवाज आला, "रंगा, आहेस का रे?"

"आहे, आई."

मी पाण्याचा पेला उचलला. पुन्हा, "रंगा?"

"इथंच आहे, आई!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तीन दिवस हेच चाललंय, काका. तिला दिसत नाही ना. घरघर ऐकू यायची, त्यावर तिला कळायचं मी बसलोय ते. काल खाली दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर हाका मारून मारून तिचा घसा बसलेला."

म्हणजे एवढा खटाटोप करून ह्याने स्वतःलाच घरातून नाहीसं केलं होतं. मूर्खपणाचं रीडिंग निघत असतं तर मोबाईल फुटला असता.

मी जुना पंखा आणला आणि डब्याच्या मागच्या जाळीला बसवला. चारही स्क्रू अर्धवट आवळले. सगळ्या हयातीत काम मुद्दाम ढिलं सोडलं ते एवढंच. पंखा सुरू झाला, पत्रा थरथरला, घरघर खोलीभर पसरली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. हाक आली नाही.

"आता ती बोलली तर तुला कसं ऐकू येणार?" मी विचारलं.

जेवायची वेळ झाली होती. त्याने ताट आणून कॉम्प्युटरपुढेच ठेवलं. पापड उचलला. मी सवयीने दाराकडे बघितलं. पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. मोबाईलपाशी वाकला आणि कडाकडा पापड खाल्ला.

तिकडून काहीतरी आलं. त्याने मोबाईलला कान टेकवला.

"काय म्हणते?"

"म्हणते, आणखी एक घे."