बांधीतला राजवाडा

"आजवर मराठीत कोणी बुडवलं नसेल असं साम्राज्य मी बुडवणार!"

ही घोषणा संघपाल रामटेके गुरुजींनी दाढी करता करता आरशापुढे केली. आरसा काही बोलला नाही. आरशाची हीच गोष्ट गुरुजींना फार आवडायची. घरात बाकी सगळ्यांना मत होतं. बाकी सगळे म्हणजे सत्यशीला, त्यांची बायको. पण तिचं एकटीचं मत चार माणसांना पुरून उरायचं!

गुरुजी आरमोरीकडच्या डोंगरटोल्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि चोरून कादंबरी लिहीत होते. साधीसुधी नाही हो! तिच्यात उडणारे नाग होते, बोलणारे पर्वत होते, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली राज्यं होती. पण अशा जगाला नुसता आज पुरत नाही, त्याच्या मागे भला मोठा काल लागतो. म्हणून त्या सगळ्या राज्यांच्या हजारो वर्षं आधी होऊन गेलेलं, कोणाला धड आठवतही नाही असं एक लुप्त साम्राज्य गुरुजींनी योजलं होतं. नाव तिमिरावती! सम्राट महातिमिर! नाव उच्चारलं की गुरुजींच्या स्वतःच्याच अंगावर काटा यायचा.

अडचण एकच होती. गुरुजींना कल्पनाशक्ती होती, अंदाज नव्हता. राजवाड्यापासून तलावापर्यंतचा राजमार्ग किती लांब? सम्राटाचा हत्ती सकाळी निघाला तर पूजेला वेळेवर पोचेल, की उन्हं चढतील? पहिल्या खर्ड्यात हत्ती पानंच्या पानं चालला आणि तरी दरवाज्यातच होता! शेवटी गुरुजींनी ठरवलं की साम्राज्य आधी जमिनीवर आखायचं आणि मग कागदावर घ्यायचं. डोंगरटोल्याला टेकडी होती, तलाव होता, मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होती. साम्राज्याला आणखी काय लागतं?

झालं! गुरुजी भल्या पहाटे फिरायला निघू लागले. सत्यशीलाला सांगितलं, "डॉक्टरनं शुगरसाठी चालाले सांगतलं." पिशवीत बांबूच्या खुंट्या, त्यांना बांधायला लाल चिंध्या आणि शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायची पांढरी फक्की. धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, खुंट्या ठोकत, फक्कीची रेघ ओढत त्यांनी टेकडीपासून तलावापर्यंत सरळसोट राजमार्ग आखला. आणि राजवाडा आला तो ऐन सत्यशीलाच्या बांधीवर. तिच्या नावावरची ती बांधी, तीच कसायची, आणि घरचा वर्षाचा तांदूळ त्या बांधीतूनच यायचा. गुरुजींचा शेतीशी संबंध ताटापुरता. उशिरा पिकणारा भारी धान उभा होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या, दाणा अजून भरायचा होता. धानाला धक्का न लावता चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकून गुरुजी धुऱ्यावर उभे राहिले, तर ऊर भरून आला. बाप्पा! काय ते साम्राज्य!

चहाच्या वेळेपर्यंत ते टिकलं.

त्या खुंट्या पहिल्यांदा पाहिल्या हरिदासनं. हरिदासची बांधी सत्यशीलाच्या बांधीला लागून होती, आणि गावात काही घडलं की ते घडण्याआधी सांगत सुटायचा त्याला नाद होता. आता शेतात लाल चिंधीची खुंटी दिसली तर दुसऱ्या गावची माणसं विचारतील, कोणी ठोकली? आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे विचारतात, जमीन कोणाकोणाची जाते?

"लोखंडाची रेल्वे हाय!" चहाच्या टपरीवर हरिदास सांगत होता. "सूरजागडच्या खदानीवरून सीधी आपल्या तलावावर!"

"रेल्वे नाई, सडक हाय. चार पदरी."

"अबे, वाघासाठी रस्ता सोडून राह्यले. वाघ इकडून तिकडं जातीन."

"वाघाले फक्की कायले पायजे बे?"

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण हरिदासनं मोठ्या आदरानं विचारलं, "गुरुजी, तुमी शिकलेले मानूस. हे सर्व्हेवालेच होयेत नं?"

आता शिकलेल्या माणसानं चार लोकांत म्हणायचं तरी काय? की नाही बाबांनो, हत्तीची चाल मोजायला मीच पहाटे उठून खुंट्या ठोकत होतो?

"असतीन," गुरुजी म्हणाले.

हे एक "असतीन" संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं आणि फिरता फिरता फुगलं. दिवेलागणीला ते गुरुजींच्याच दारात परत आलं तेव्हा त्याचं रूप असं होतं: गुरुजीनं सरकारी नकाशा डोळ्यानं पायला!

दुसऱ्या पहाटे गुरुजी गुपचूप खुंट्या उपटायला गेले. बघतात तो काय, धुऱ्यावर हरिदास काठी घेऊन बसलेला!

"हात नोका लावू, गुरुजी! सरकारी काम हाय. एक खुटी हालली तं मोबदला गेला सप्पा."

आणि खुंट्या तर हालल्याच होत्या! ज्याला मोबदला हवा होता त्यानं आपल्या पडीत जमिनीकडे ओढल्या, ज्याला जमीन वाचवायची होती त्यानं शेजाऱ्याकडे सरकवल्या. सम्राटाचा सरळसोट राजमार्ग रात्रीतून नाल्यात उतरला, दोन वेळा मागे फिरला, आणि आता शाळेच्या संडासातून तलावाकडे जात होता. गुरुजींना हत्तीची दया आली. राजवाड्याच्या चार खुंट्या मात्र कोणी हलवल्या नव्हत्या, कारण त्यांच्यावर सत्यशीलाची नजर होती.

घरी आल्या आल्या तिनं त्यांच्या हातात बिनसाखरेचा चहा ठेवला. तिचे डोळे चमकत होते.

"अजी, लोकाइच्या बांधीले एक एक खुटी. आपल्या बांधीले चार! आपल्या इथी स्टेशनच होते वाटते!"

"अवं, पण..."

"उद्या रुखमाबाई बाया घेऊन येऊन राह्यली. धान कापून टाकतो. सर्व्हेवाल्याइची जीप येयाच्या आधी टिनाचं शेड ठोकाचं, पेरूचे झाडं लावाचे. शेड असलं, झाडं असले, तं मोबदला जास्त भेटते."

"धान कापते? दाना भरला नाई अजून!"

"ढोराइले तनस तं होईल."

"आन् वर्षभर खाऊ काय?"

"स्टेशनवर समोसे इकू!"

वर्षाचा तांदूळ! तोही कोणामुळे? जो कधी झालाच नाही अशा एका राजामुळे! गुरुजींनी धीर करून आडवळणानं सुरुवात केली.

"समजा, सत्यशीला, समजाच हं... त्या खुट्या सर्व्हेवाल्याइनं नाई, कोण्या मानसानं आपल्या मनानं गाडल्या असतीन तं?"

सत्यशीला खो खो हसली. "एवढा बिनकामाचा मानूस कोन असन वो? आन् असलाच, तं त्याच्या घरी बायको कशी रायत असन बिचारी!"

गुरुजींनी तो कडू चहा एका घोटात संपवला.

सकाळ झाली. बांधीच्या धुऱ्यावर रुखमाबाई आणि तिच्या बाया विळे घेऊन उभ्या. सत्यशीलानं पदर खोचलेला. हरिदास काठीसकट हजर. रुखमाबाई पहिल्या लोंबीला हात घालणार तोच गुरुजी शाळेच्या कपड्यांनिशी धावत आले आणि चिखलात उतरून धानापुढे आडवे उभे राहिले.

"थांबा! खुट्या मी गाडल्या!"

कोणी दचकलं नाही. हरिदासनं उलट त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी, दबाव हाय का तुमच्यावर? सायबानं धमकावलं?"

"साहेब नाई रे! सम्राट! महातिमिर!"

"हे नवे कलेक्टर होयेत का?"

"कलेक्टर नाई! राजा! हजारो वर्षं आधीचा. म्हणजे तो बी नाई... तो झालाच नाई. मी मनानं केला!"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. रुखमाबाईनं विळा खाली केला आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "राजाच नाई, तं मंग सडक कोनासाठी, गुरुजी?"

"त्याच्या हत्तीसाठी!" गुरुजींना जोर चढला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कोणी कादंबरीबद्दल विचारत होतं! "इथून हत्ती निघन, असा मस्त डुलत, सीधा तलावाकडं..."

हत्ती! अहो, आमच्याकडे काहीही बोला, पण कापणीच्या दिवसांत धानाजवळ उभं राहून हत्तीचं नाव काढू नये! छत्तीसगडाकडून कळप उतरतो आणि एका फेरीत बांधीच्या बांधी सपाट करून जातो. रुखमाबाई किंचाळलीच.

"हत्ती येऊन राह्यले वो! गुरुजीले फॉरेस्टवाल्याइनं सांगतलं! कापा वो, कापा! आजच कापा!"

"अवो नाई! तो हत्ती खोटा हाय!"

पण ऐकतो कोण! हरिदास काठी टाकून स्वतःच्या बांधीकडे पळाला. शेजारच्या बांध्यांतून आरोळ्या उठल्या, विळे आले, कोणी डबे बडवायला लागलं. एक बांधी वाचवायला निघालेल्या गुरुजींनी अर्ध्या गावाचा कच्चा धान कापायला लावला होता! आणि सत्यशीला खाली वाकली होती. तिच्या मुठीत लोंब्या आल्या होत्या.

आता लाज धरायची वेळ गेली होती. गुरुजींनी कोपऱ्यातली खुंटी उपटली आणि चिंधी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे पाय! तुह्या लाल परकराची चिंधी! काठाची शिलाई पाय, तुह्या हातची हाय!"

सत्यशीला थांबली. लाल दोरा संपला म्हणून तिनं तो काठ हिरव्या दोऱ्यानं शिवला होता. तिनं चिंधी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. बाया श्वास रोखून बघत होत्या.

"या परकरापायी," ती सावकाश म्हणाली, "मी बाजूच्या नीलाबाईशी बोलनं सोडलं. दोरीवरून तिनंच नेला म्हून."

"चुकलं माहं."

"आन् शुगर?"

"नाई मले."

"मंग बिनसाखरेचा चाय काऊन पेत होते?"

"तू देत होती म्हून."

आधी रुखमाबाई हसली. मग एकेक बाई पोट धरून धुऱ्यावर बसली. सत्यशीला मात्र हसली नाही. तिनं मुठीतल्या लोंब्या हलकेच सोडल्या आणि हरिदासच्या दिशेनं असा आवाज टाकला की डबे बडवणारे हात जागच्या जागी थांबले. "ठेवा वो विळे! ना सडक, ना हत्ती! आमच्या गुरुजीचा खेळ हाय हा!"

धान वाचला. गुरुजींचं काही वाचलं नाही. टपरीवर त्यांना आता सगळे "महाराज" म्हणतात.

संध्याकाळी सत्यशीलानं त्यांना समोर बसवून अख्खी तिमिरावती ऐकली. उडणारे नाग ऐकले, बोलणारे पर्वत ऐकले, सम्राटाचा पराक्रम ऐकला. चहात साखर होती, त्यामुळे गुरुजी रंगात आले होते. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "राजवाडा कोठी म्हनले?"

"आपल्या बांधीत. म्हणजे कादंबरीत, अवं!"

"कादंबरीत बी नाई. तो हालवा."

"अवं, हजारो वर्षं जुना राजवाडा हाय तो! असा कसा हालवू?"

"असन जुना. बांधी माह्या नावावर हाय. सातबारा हाय का त्याच्याजवळ?"

उडणाऱ्या नागांना लोळवणारा, पर्वतांना बोलतं करणारा सम्राट महातिमिर! पण त्याच्याजवळ सातबारा नव्हता. त्याच संध्याकाळी गुरुजींनी लाल पेननं राजवाडा खोडला आणि सम्राटाला राण्या, हत्ती, सिंहासन यांच्यासकट टेकडीमागच्या मुरमाड जमिनीवर हलवलं.

मोबदला त्यालाही मिळाला नाही.