फोटोआधी पुसून घेतलेलं बरं

त्या दिवशी सकाळी मी फक्त एक पान पुसायचं ठरवलं होतं. एकच. लिंबाचं. माणसाच्या हातून याहून निरुपद्रवी काम काय होणार? पण आमची ही म्हणते, तुम्ही नुसते बसलात तरी खुर्ची मोडते, आणि मोडते तीही दुसऱ्याची.

आधी माझा अधिकार सांगतो. मी गेली सत्तावीस वर्षं फोटो स्टुडिओत आहे. फोटो मालक काढतात, मी गिऱ्हाईक तयार करतो. भांग सारखा करायचा, कपाळाचा घाम टिपायचा, नाकावरून पावडरचा हात फिरवायचा, हनुवटी धरून चेहरा अर्धा इंच डावीकडे वळवायचा आणि शेवटी ‘हलू नका!’ म्हणून ओरडायचं, हे सगळं माझ्याकडे. (मालक बटण दाबतात. त्याला काय अक्कल लागते?) गल्लीत मला सगळे पावडरकाका म्हणतात. शिक्षण दहावी, तीही दोन दमांत. पण फोटोतलं मला कळतं, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

आमच्या शेजारी सर राहतात. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त, एकटेच. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, वर्तमानपत्राला पत्रं लिहितात, सुनेच्या कामात चुका काढतात. सरांनी कॅमेरा घेतला, त्याला बरणीएवढं भिंग लावलं आणि ते बागेत पालथे पडले. ते आजतागायत पालथेच आहेत.

पहिल्यांदा मी त्यांना तसं पाहिलं तेव्हा मला वाटलं, चक्कर आली. मी धावत जाऊन कुंपणावरून तांब्याभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

“अहो शेजारी! गेली ना!”

“कोण गेली?”

“मुंगी!”

त्या मुंगीसाठी ते पाऊण तास श्वास धरून पडले होते म्हणे. मला वाईट वाटलं. आमच्या साखरेच्या डब्याभोवती मुंग्याच मुंग्या. त्यातल्या चांगल्या धट्ट्याकट्ट्या वीसेक मी कागदावर घेऊन त्यांना नेऊन दिल्या. सरांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. (शिकलेल्या माणसांना उपकार घेता येत नाहीत, हे माझं जुनं मत आहे.)

पुढे मात्र आमचं जमलं. म्हणजे मी रोज जायचो आणि त्यांना घालवता यायचं नाही. ते मला फोटो दाखवायचे. आठ डोळ्यांचा कोळी. मी म्हटलं, “सर, डोळे आठ आहेत, पण एकातही हसू नाही.” मग माशी दाखवली. तव्याएवढी मोठी केलेली. अंगभर राठ केस. मी म्हटलं, “राग मानू नका, पण असलं गिऱ्हाईक मी कॅमेऱ्यासमोर बसूच दिलं नसतं. आधी कात्री, मग फोटो.”

सर म्हणाले, “शेजारी, निसर्गाला कात्री लावत नाहीत.”

मी मनात म्हटलं, म्हणूनच तुमची माशी अशी दिसते.

आणि मग ते लिंबाचं प्रकरण सुरू झालं. लिंबाची कुंडी आमच्या हिची. आमच्या पायरीजवळ असते. तिच्यावर फुलपाखराचं अंडं आहे असा शोध सरांनी लावला आणि हिची परवानगी काढून ते रोज सकाळी सातला आमच्या पायरीशी पालथे पडू लागले. अंडं, अळी, जाड अळी, त्याहून जाड अळी, मग कोष. असे तेवीस फोटो झाले. रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. तेवीस चौकटी सरांच्या भिंतीवर ओळीने तयार होत्या. चोविसावी रिकामीच टांगली होती आणि खाली चिठ्ठी होती, ‘चोवीस – जन्म’. म्हणजे कोषातून बाहेर आलेलं, पंख वाळवत बसलेलं फुलपाखरू.

हा त्यांचा तिसरा प्रयत्न होता. पहिल्या खेपेला कोष पक्ष्याने खाल्ला. दुसऱ्या खेपेला ऐन वेळी सरांना शिंक आली आणि त्या शिंकेचाच फोटो आला. ते हे सांगताना हसायचे, पण त्या रिकाम्या चौकटीवरची धूळ मात्र रोज पुसायचे.

आदल्या दिवशी संध्याकाळी सर कुंपणाशी आले.

“शेजारी, कोष काळपट झालाय. आतले पंख दिसायला लागलेत. उद्या सकाळी नक्की. तुम्ही एकच करा. कुंडीला हात लावू नका.”

“छे हो, सर!”

“लावू नका म्हणजे लावू नका.”

“अहो, मी काय लहान आहे?”

आतून ही ओरडली, “सर, त्यांना बांधून ठेवू का?”

तर, सकाळ झाली. सव्वासहा. मी चहाचा कप घेऊन पायरीवर आलो. सर त्यांच्या घरात कॅमेऱ्याची जुळवाजुळव करत होते, खुडबुड ऐकू येत होती. मी सहज कुंडीकडे पाहिलं. कोषाच्या बरोबर मागच्या पानावर पक्ष्याने घाण केलेली!

आता तुम्हीच सांगा. चोविसावा फोटो. प्रदर्शन. चार प्रतिष्ठित माणसं येणार. आणि पाठीमागे हा पडदा? सत्तावीस वर्षांचा माझा हात शिवशिवला. मी रुमाल चहाच्या कपात... (पाणी आणायला आत गेलो असतो तर ही भेटली असती) बुडवला आणि पान पुसलं. सुरेख चमकलं. पण मग त्याच्या शेजारचं पान फारच मळकट दिसायला लागलं. ते पुसलं. मग खालचं. मग डहाळी. डहाळीवर कोळिष्टकाचा एक बारीकसा धागा दिसला, तोही चिमटीत धरून अलगद तोडला.

तो कोळिष्टकाचा नव्हता. कोषाने स्वतःला डहाळीशी बांधून घेण्यासाठी काढलेला तो पट्टा होता. हे मला पुढच्याच क्षणाला कळलं, कारण कोष माझ्या तळहातावर पडला.

परत चिकटवायला गेलो, ठरेना. दाराची कडी वाजली. सर येत होते. मी कोष शर्टाच्या खिशात टाकला, कंगव्याशेजारी.

सर आले. गुडघे टेकले. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“कोष कुठाय?”

“उडाला असेल.”

“कोष उडत नाही हो!”

“मग पक्षी. मी आत्ताच एक पाहिला. चांगला पोट भरल्यासारखा दिसत होता.”

सरांनी त्या लखलखीत पानांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि पायरीवर माझ्या शेजारी बसले. शाळेत मी चुकलो की मास्तर छडी मारायचे. हे मास्तर नुसते बसून राहिले, आणि ते जास्त लागलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले, “ती चौकट काढून टाकतो भिंतीवरून. तिसऱ्यांदा झालं. आता वय नाही राहिलं माझं.”

माझ्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं. मला वाटलं, हाच तो पश्चात्ताप. पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष कधी आला नव्हता. मी म्हटलं, “सर, एक सांगू का? रागावणार नसाल तर...”

दारातून ही म्हणाली, “अहो, तुमचा खिसा हलतोय.”

पश्चात्ताप खिशाच्या बाजूने हलत नसतो. मी मान खाली घालून पाहिलं. खिशातून सहा पाय, दोन मिश्या आणि चुरगळलेल्या ओल्या चिंधीसारखं काहीतरी वर येत होतं. ते शर्टावर चढलं, कॉलरवर आलं, मानेवरून गुदगुल्या करत सरळ माझ्या कानापाशी पोचलं आणि कानातून बाहेर आलेल्या केसांना धरून लटकलं.

“हलू नका!” सर ओरडले.

सत्तावीस वर्षं मी हे दुसऱ्यांना ओरडत आलो. ते ऐकताना कसं वाटतं याची मला कल्पना नव्हती.

“सर, निदान भांग तरी...”

“हलू नका!”

“नाकावर जरा पावडर...”

“तोंड मिटा! गाल हलतोय!”

सव्वा तास. पंख भरून ताठ व्हायला अन् वाळायला तेवढा वेळ लागतो म्हणे. माझं नाक खाजायला लागलं. तेवढ्यात मालकांचा फोन आला, कारण स्टुडिओच्या किल्ल्या माझ्याकडे. हिने फोन माझ्या रिकाम्या कानाला लावला.

“मालक,” मी ओठ न हलवता म्हणालो, “येऊ शकत नाही. फोटो चाललाय.”

“कुणाचा?”

“माझ्यावर बसलेल्याचा.”

मालकांनी फोन ठेवला. मानेवरून काहीतरी ओघळलं. “सर, गळतंय.”

“कोषातलं साठलेलं पाणी टाकलं त्याने. उत्तम लक्षण आहे.”

“कुणासाठी?”

ही दाराला टेकून चहा पीत उभी होती. इतकं सुखी मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेवटी ते फुलपाखरू उडालं. सर उठले, गुडघ्यावरची माती झटकली. त्यांचे डोळे ओले होते. मी सगळं कबूल केलं. पान, रुमाल, धागा, खिसा. ते म्हणाले, “चहाचा वास आला होता मला.” चोविसावी चौकट भरली होती ना! माणूस अशा वेळी खुन्यालासुद्धा माफ करतो.

रविवारी मी मुद्दाम केस कापून, नवा शर्ट घालून, पावडर लावून हिच्यासोबत हॉलमध्ये गेलो आणि चोविसाव्या चौकटीशेजारी उभा राहिलो. लोक ओळखतील, दोन शब्द विचारतील, अशी अपेक्षा. (आणि डावी बाजू पुढे ठेवून उभा होतो, म्हणजे कान पटकन लक्षात येईल.)

फोटो दाराएवढा केलेला. काळ्यापिवळ्या पंखांवरचा कण नि कण दिसत होता. पण त्या पंखांखाली जे होतं, ते पाहून मीच दचकलो. जाडजाड, वेडेवाकडे, काही काळे काही पांढरे, सुतळीसारखे खुंट, आणि त्यांच्यामागे एक खोल अंधारं विवर. लोक थांबत होते, हरखत होते, “काय सुंदर!” म्हणत होते, आणि मला ‘जरा बाजूला होता का’ म्हणत होते.

जाड चष्म्याचे एक गृहस्थ फोटोला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी आमच्या हिलाच विचारलं, “हे वाळलेलं गवत बिळाच्या तोंडाशी उगवलेलं दिसतंय. या बिळात राहतं का हो काही?”

“काही नाही,” ही म्हणाली. “मी पंचवीस वर्षं त्यात ओरडतेय. आत काहीसुद्धा पोचत नाही.”