कांबळेकाकांचं प्रॅक्टिकल

कांबळेकाकांना कोणी ‘जय भीम’ म्हटलं की ते उलट ‘जय भीम’ म्हणतात आणि लगेच विचारतात, ‘‘वजन किती?’’ पोस्टमनला विचारतात, भाजीवालीला विचारतात. आमच्या हिला विचारलं तेव्हा हिने महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

औषधाच्या कंपनीतल्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी कल्याणला फायर सेफ्टीच्या डिप्लोमाला नाव घातलं. वर्गातली पोरं एकोणीस-वीसची. कोणाला जहाजावर जायचंय, कोणाला आखातात, कोणाला मॉलमध्ये फायर ऑफिसर व्हायचंय. सरांनी विचारलं, ‘‘काका, तुम्ही कुठे लागणार?’’ काका म्हणाले, ‘‘ठाकुर्लीत. घरीच.’’ अख्खा वर्ग हसला म्हणे.

तेव्हापासून आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगला सुख नाही. काकांच्या घरी वंदनेला मेणबत्ती लागली की शेजारी वाळूची बादली. माझ्याकडे गणपतीच्या आरतीला आले की हातात ओलं गोणपाट आणि डोळे कापरावर. मला म्हणतात, ‘‘तुम्ही आधी दार अडवू नका. देवाचं देव बघेल.’’

वजनाच्या चौकशीचं कारण प्रॅक्टिकल. माणूस खांद्यावर घेऊन जिना उतरायचा असतो. संस्थेत त्यासाठी वाळू भरलेला पुतळा आहे, पण काकांना तो पटेना. ‘‘पुतळा गप पडतो हो. माणूस वळवळतो.’’ म्हणून मग आम्ही शेजारी. मी एकोणसाठ किलो, त्यामुळे रोज सकाळी पहिला नंबर माझा. एका रविवारी माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले आणि जिन्यात त्यांना आधी माझे लोंबकळते पाय दिसले. मुलाच्या वडिलांनी घाबरून विचारलं, ‘‘सिरीयस आहे का?’’ काका म्हणाले, ‘‘छे, हलके आहेत. तुमचं किती?’’

ते स्थळ गेलं. मी दोन दिवस काकांना दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुष्पाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, फोन करून मला वर बोलावलं. त्या चौथ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत. भाजीसुद्धा दोरीला पिशवी सोडून घेतात. खुर्चीत बसवून चौघांनी न्यायची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘‘चौघांनी न्यायचं ते एकदाच. तेव्हा न्या.’’

आता म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही तरी सांगा ह्यांना. मी सत्तर किलोची बाई. मला उचलून खाली नेणार म्हणतात. कंबर जाईल ह्यांची. आणि या वयात नवऱ्याच्या खांद्यावर, लोक काय म्हणतील?’’

माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोटाला अकरा किलो गहू बांधून काकांच्या दारात उभा राहिलो.

काका पास झाले. सर्टिफिकेट हातात पडताच त्यांनी सेक्रेटरीच्या मागे लागून बिल्डिंगमध्ये ड्रिल लावली. नोटीस स्वतः लिहिली: ‘प्रत्येक व्यक्तीने खाली यायचे आहे. कोणालाही सवलत नाही.’ लेखी नियमापुढे काकूंचं काही चाललं नाही.

रविवारी दुपारी चारला भोंगा वाजला. आम्ही शिकवल्याप्रमाणे वाकून खाली आलो. सगळ्यात शेवटी काका आले, पाय थरथरत होते, पण एकेक पायरी नीट. खांद्यावर काकू, तोंडावर पदर घेतलेल्या. कोणी हसलं नाही. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी हळूच पदर काढला आणि अनवाणी पाय मातीला टेकवले.

दहा मिनिटांनी सेक्रेटरी म्हणाले, ‘‘झालं ना काका? लोकांना वर सोडा.’’

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या भाजीवालीशी घेवड्याच्या भावावरून समोरासमोर भांडत होत्या.

‘‘नाही सोडता येणार,’’ काका म्हणाले. ‘‘वर अजून धूर आहे.’’

वर साधी शेगडीसुद्धा पेटलेली नव्हती. पण सेक्रेटरींनी घरून सतरंजी मागवायला तोंड उघडलं, मग आठवलं की वर धूर आहे, आणि ते तसेच मातीत बसले. त्यांच्या शेजारी आम्ही सगळे बसलो, दिवे लागेपर्यंत.