कॉम्प्युटरला लावलेला टिळा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुणाजीच्या कॉम्प्युटरवरची शर्यतीची गाडी बैलगाडीसारखी चालू लागली. आदल्या सकाळपर्यंत हीच गाडी वळणावर दिसेनाशी व्हायची. आता ती अडखळत होती आणि कडेची झाडंही थांबून थांबून सरकत होती.

पंच्याण्णव साल. ठाण्याच्या कोळीवाड्यातला हा पहिलाच कॉम्प्युटर, घेऊन सहा दिवस झालेले. पटला नाही तर आठ दिवसांत परत घेईन, असं तो विकणाऱ्या, नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्या श्रीपादने कबूल केलेलं. गुणाजी म्हणाला, देऊन टाकू, त्यापेक्षा फ्रिज आणू. त्याची बायको शेवंती गप्प राहिली. गेम खेळता खेळता तिच्या बोटांची भीती गेली होती, आणि पुढच्या महिन्यात माजिवड्याच्या एका ऑफिसात नोकरीसाठी तिची टायपिंगची परीक्षा होती.

सासूने, आवडाबाईंनी, ते गप्प राहणं पाहिलं. शाळेचं तोंड त्यांनी दोन वर्षंच पाहिलेलं, पण मासळीबाजारात त्यांना फसवणारा अजून जन्मला नव्हता. "यंत्र कुठं जात नाय," त्या म्हणाल्या. "त्या श्रीपादला बोलवा."

श्रीपाद आला. मशीन तापतंय म्हणून त्याने झाकण उघडून फुंकर मारली. मग नको त्या फायली उडवल्या. मग मेमरीची पट्टी पुसून परत बसवली. दर वेळी शेवंती गेम लावी आणि गाडी तशीच लंगडत चाले. फक्त पुढच्या बाजूला त्याला हात लावता येईना. तिथं कालच्या पूजेत आवडाबाईंनी घातलेला झेंडूचा जाडजूड हार होता, आणि पूजेचा हार दुसऱ्या दिवशीच्या दिवेलागणीपर्यंत काढायचा नाही, हा आवडाबाईंचा कायदा.

"मावशी, हार जरा बाजूला करू?"

"मागनं बघ. डॉक्टर काय गळ्यातलं काढून घेतो, तेव्हाच तपासतो?"

तासाभराने श्रीपादने हात टेकले. मशीनच कमजोर निघालं, रिक्षा बोलावतो, म्हणाला. शेवंती खाली मान घालून कीबोर्डची वायर गुंडाळू लागली.

आवडाबाई तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग पुढे झाल्या आणि भर दुपारी स्वतःच्या हाताने हार उतरवला. खाली काचेत तांबडे आकडे चमकत होते.

"पूजेआधी हितं सहासष्ट होतं. आता तेहतीस कसं?"

गुणाजी हसला. "आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"भाव निम्म्यावर आलेला मना कळत नाय?"

आकड्यांखालच्या बटणावर कुंकवाचा अंगठ्याएवढा ठसा होता. श्रीपादने कपाळावर हात मारला. वेग कमी-जास्त करायचं बटण ते. त्याने दाबलं, काचेत सहासष्ट उमटलं आणि पडद्यावरची गाडी सुसाट सुटली.

सगळे आवडाबाईंच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"टिळा घट्टच लावायचा असतो," त्या म्हणाल्या.

श्रीपादने पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली. "मावशी, क्लासातली दहाही मशीनं आज सकाळपासून अशीच रखडतायत. मी मेमरीच्या दहा पट्ट्या मागवून बसलोय."

"पूजा कुणी केली?"

"आईने."

"मग सांग तिला."

"ती ऐकायची नाही. तिच्या हातून आजवर काही चुकलेलं नाही."

आवडाबाईंनी पदर खोचला. "चल, मी येते." दारात चपला घालता घालता त्या शेवंतीपुरतंच पुटपुटल्या, "सांगेन तिला, माझ्याकडनं पण झालेलं."