चौकोनातली मोकळी जागा

सबनीसकाका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीतही, टेबलाकडे पाठ करून जेवतात. आम्हा शेजाऱ्यांनाही तसंच बसवतात. "चारी दिशांना तोंडं! घोडदळ कुठूनही येतं." सिंगापूरच्या यिशुनमध्ये घोडदळ! पण काकांपुढे बोलायची सोय नाही.

काका निवृत्त मरीन इंजिनिअर. आमच्याच मजल्यावर एकटे राहतात. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी नेपोलियनच्या काळातली, स्पेनमधली एक चकमक मांडलीय. पुस्तकात तिला दोन ओळी: पायदळाने चौकोन धरला, घोडदळ परतलं, एक शिपाई बेपत्ता. बस्स. बोटभर उंचीचे शिपाई संगिनी रोखून उभे, भोवती उधळलेले घोडे, आणि चौकोनाच्या एका बाजूला एका माणसाची मोकळी जागा.

मी युद्धाविरुद्ध पत्रकं वाटते. तोंडावर सांगितलं, "काका, माणसं मेली त्याचा खेळ मांडलाय तुम्ही. लाज वाटायला हवी."

"पत्रक ठेव आणि गप्प उभी राहा, सई. हजेरी आहे."

रोज संध्याकाळी सहाला हजेरी. शिपाई गोऱ्या साहेबांचे, नावं मात्र आपली. "जाधव! हजर. पिंटो! हजर." दोन्ही आवाज काकांचेच. मला हसू आवरेना. मग "दळवी!" म्हणाले आणि मोकळ्या जागेकडे बघत थांबले.

पंखा बंद होता, तरी माझं पत्रक हललं. उघड्या दारातून गार, खारट वास आला. बाराव्या मजल्यावर! बाहेर पाऊस नव्हता, पण पायपुसण्याची एक कड ओली दिसली. ती शांतता मला सोसेना.

"हजर!" मी ओरडले.

काका पांढरेफटक. "दिसला तुला?"

"नाही हो, गंमत केली."

"मीही गंमतच केली होती."

दळवी त्यांच्या जहाजावरचा जोडीदार. आणीबाणीच्या ड्रिलच्या हजेरीला कायम उशिरा यायचा. त्या दिवशीही झोपला असेल म्हणून काकाच त्याच्या नावाला 'हजर' म्हणाले. मोजणी बरोबर भरली. तो समुद्रात पडलाय हे कळून जहाज मागे वळेपर्यंत तीन तास गेले होते. पाण्यावर काहीच नव्हतं.

"आता त्याचं त्यानेच म्हणायचं," काका म्हणाले, आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.

"दळवी!"

या वेळी मी ओठ घट्ट मिटले. पत्रकांची पिशवी खाली ठेवली, खुर्ची फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसले.

"थांबू जरा," काका मागून हळूच म्हणाले. "त्याला उशीर होतोच."