होकाराची अंमलबजावणी

धोरण कागदावरून कारखान्यात कसं उतरवायचं, हे कुणी मला विचारावं! आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात नियोजन विभाग म्हणजे मी. विभागप्रमुख मीच आणि विभागातला एकमेव माणूसही मीच. त्यामुळे विभागात मतभेद म्हणून कधी झाले नाहीत!

तर आमचे मालक दोन दिवसांच्या शिबिराला गेले. लोक गावाला जाऊन सर्दी घेऊन येतात, हे धोरण घेऊन आले. 'ग्राहकाचा शब्द झेलायचा!' बस्स, एवढंच.

"तीन महिन्यांत हे सगळ्यांच्या अंगात भिनलं पाहिजे," मालक म्हणाले. "कंपनीची संस्कृती बदला!"

"बदलतो की!" मी म्हणालो. जणू जिन्यातला दिवा बदलायचा होता.

मी बेचाळीस पानांचा आराखडा लिहिला. बायकोनं पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "छान आहे. झोप चांगली लागेल." तिला व्यवस्थापनातलं काही कळत नाही.

आराखड्याचं सार असं, की आमच्या कारखान्याचा मूळ रोग म्हणजे 'नाही' हा शब्द. विक्रीवाला मागणी घेऊन आला, की गोदाम सांभाळणाऱ्या ताई म्हणणार, "लाकूड नाही." सुतारकाका, म्हणजे आमचे सर्वांत जुने कारागीर, म्हणणार, "एवढ्यात होणार नाही." मी फर्मान काढलं, आजपासून 'नाही' बंद! भिंतीवर नावांचा तक्ता लावला. जो 'नाही' म्हणेल त्याच्या नावापुढे लाल ठिपका, आणि सोमवारच्या बैठकीत त्यानं शेवटपर्यंत उभं राहायचं.

आठवड्यात संस्कृती बदलली!

"ताई, सागवान आहे का?"

"आहे ना! जंगलात भरपूर आहे."

"काका, शुक्रवारपर्यंत होईल?"

"होईल की. कुठल्या शुक्रवारपर्यंत, तेवढं विचारू नका."

मी आराखड्यात बरोबरची खूण केली.

आणि मग आली वाचनालयाची मागणी. नवी इमारत, साठ खुर्च्या, उद्घाटनाला तीन आठवडे. हे काम पसंत पडलं, तर त्यांच्या अकरा शाखांच्या खुर्च्याही आम्हीच करणार होतो. आमचा विक्रीवाला झोपेतसुद्धा मान डोलावतो, तो "हो" म्हणूनच परत आला. मापांचा कागद मी जातीनं तयार केला. बैठकीची उंची पंचेचाळीस. ग्राहकानं सेंटीमीटर लिहिलं होतं, माझ्या हातून इंच लिहिलं गेलं. माणूस आहे, चुकतो!

काका कागद घेऊन आले.

"साहेब, बैठक पंचेचाळीस इंच?"

"हो."

"म्हणजे इथपर्यंत." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मग?"

काकांनी तक्त्याकडे पाहिलं. त्यांच्या नावापुढे आधीच तीन ठिपके होते, आणि त्यांचे गुडघे दुखतात. "मग काही... वाचनालयात फार उंच माणसं येतात का, एवढंच विचारायचं होतं."

"काका, ग्राहकाचा शब्द झेलायचा!"

"झेलतो. पायांच्या आडव्या पट्ट्या जरा वर बसवल्या तर चालतील?"

"बसवा! बिनधास्त बसवा!" कारागिराला मोकळीक द्यावी, हे माझ्या सत्ताविसाव्या पानावर स्पष्ट होतं.

संध्याकाळी ताई आल्या. "साठ खुर्च्यांना सव्वाशे खुर्च्यांचं लाकूड लागतंय. आनंद आहे!"

"आनंदच हवा, ताई!" मी म्हणालो. मला त्यांच्यातला बदल पाहून भरून आलं.

मी एकदा तरी कारखान्यात डोकावलो का? कसा डोकावणार! मी संस्कृती बदलल्याचा अहवाल लिहीत होतो.

उद्घाटनाच्या सकाळी मालक, विक्रीवाला आणि मी वाचनालयात पोचलो. दिवाणखान्याएवढ्या टेबलांभोवती साठ खुर्च्या अशा उभ्या होत्या, की टेबलं त्यांच्या पायाशी खेळायला आलेली पोरं वाटत होती. ग्रंथपाल बाई त्यांच्याकडे मान वर करून बघत होत्या.

"ह्या खुर्च्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"हो!" विक्रीवाला म्हणाला.

"ह्यांच्यावर बसायचं?"

"हो!"

"कसं?"

इथे विक्रीवाला अडकला. ह्या प्रश्नाला 'हो' चालत नव्हतं.

पाहुणे दारात आले होते. शेवटी वरच्या फळीवरची पुस्तकं काढायची शिडी आणली आणि प्रमुख पाहुण्यांना, एका ठेंगण्याशा निवृत्त मुख्याध्यापकांना, वर चढवलं. मग मालकांना चढवलं. मग शिडी आणखी कुणासाठी तरी नेली, ती नेलीच. मुख्याध्यापकांनी वरूनच भाषण केलं. "कुठल्याही वाचनालयातली सर्वांत वरची फळी मला आज प्रथमच दिसते आहे," ते म्हणाले. "तिथे धूळ आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांचे पाय हवेत हलत होते आणि नजर माझ्यावर स्थिर होती.

"उतरल्यावर बोलू," ते म्हणाले.

खुर्च्या परत आल्या. दोनशे चाळीस पाय कापायचे होते. चार दिवस मी खुर्च्या धरत होतो आणि काका करवत चालवत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आडव्या पट्ट्या मुद्दाम वर बसवलेल्या होत्या. खालून कितीही कापलं, तरी त्यांना धक्का लागत नव्हता!

"काका, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग सांगायचं ना!"

काकांनी करवत थांबवली. "साहेब, तीस वर्षं मी 'नाही' म्हणत होतो, म्हणून तीस वर्षं माल परत येत नव्हता. तुम्ही तोंड बांधलंत. हात मोकळे होते, तेवढे वापरले."

मला घाम आला होता, तो सगळाच कामाचा नव्हता. मी पुढची खुर्ची धरली.

कापलेल्या खुर्च्या ग्रंथपाल बाईंना आवडल्या. अकरा शाखांचं कामही मिळालं, फक्त त्यांनी एक अट घातली. मापं ह्यापुढे थेट सुतारकाकांना कळवली जातील.

मालकांनी मला काढलं नाही. त्यांनी नवीन धोरण आणलं. 'जे खटकतं ते बोला!' आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी सोमवारी सगळ्या कारखान्याची सभा बोलावली, विषय एकच, नियोजन विभाग. काय सांगू! सभा ठरल्या मिनिटाला सुरू झाली, एकही माणूस गैरहजर नव्हता, मुद्दे क्रमवार होते आणि बोलणाऱ्यांनी एकमेकांचा वेळ खाल्ला नाही. ताईंनी तर उदाहरणं तारीखवार आणली होती. अडीच तास! आमच्या कंपनीत एखादं धोरण इतकं तंतोतंत राबवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम अर्थातच नियोजन विभागाकडे होतं. एकोणीस पानं झाली. बायकोनं मात्र ती शेवटपर्यंत वाचली, आणि एकदाही जांभई दिली नाही!