साडूची होडी

हरिओमरावांचा फोन आला तेव्हा किशनराव एका मेलेल्या म्हशीचा फोटो निरखत बसले होते. नांदेडात सव्वीस वर्षं विम्याची एजन्सी चालवलेल्या माणसाची सकाळ बहुधा अशीच सुरू होते. कानातल्या बिल्ल्याचा नंबर जुळत होता. म्हैस जुळत नव्हती.

"दाजी, कामात हाव का?" लातूरहून साडू विचारत होते. "एक विमा काढायचाय. यॉटचा."

किशनरावांनी कशाचा म्हणून पुन्हा विचारलं. यॉटचा, शिडाच्या यॉटचा. कोचीच्या धक्क्याला बांधून ठेवलीय, हरिओमराव सांगू लागले. परीक्षा संपल्या की लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांवर जायचा बेत आहे. तिकडे जायला सरकारी परवाना लागतो आणि विम्याचा कागद जोडल्याशिवाय यॉटला परवाना नाही. घरात विम्याचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून पहिला फोन दाजींना.

"बघू," किशनराव म्हणाले. फोन ठेवला आणि त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते जेवण झालं, झोप झाली तरी थांबलं नाही.

हे दुखणं जुनं होतं. हरिओमराव धाकटे जावई म्हणून घरात आले तेव्हा लातुरात एका खोलीत रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेत होते, आणि किशनरावांकडे स्कूटर होती. साडूला मागे बसवून ते सासुरवाडीला जात. या नात्याचा तो सुवर्णकाळ. पुढे खोलीचा मजला झाला, मजल्याच्या तीन इमारती झाल्या. किशनरावांनी फ्रिज घेतला त्या महिन्यात हरिओमरावांनी गाडी घेतली. एका दिवाळीला किशनराव मुद्दाम नवे बूट घालून सासुरवाडीला गेले, तर हरिओमराव अनवाणी आलेले. त्यांना म्हणे डॉक्टरनं तसं सांगितलं होतं. दोन दिवस सगळं घर त्या डॉक्टरविषयी बोलत राहिलं. बुटांकडे कुणी पाहिलं नाही.

आणि आता होडी. ज्या शहराला एका उन्हाळ्यात पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या शहरातल्या मास्तरची होडी.

"आमच्या रुद्राणीनं यॉट घेतली," किशनरावांच्या पत्नी सुमनबाई गल्लीत सांगत सुटल्या. बहिणीचं वैभव त्यांना स्वतःचंच वाटे, हा त्यांचा मोठाच दोष होता.

"होडी म्हण," किशनराव म्हणाले. "चार फळ्या आन एक शीड."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि पोटाला जरा आराम पडला. विम्याशिवाय परवाना नाही, आणि विम्याची फाईल त्यांच्या टेबलावर होती. म्हणजे ती होडी कोचीला कुठल्याही दोरानं बांधलेली असो, दाव्याचं टोक नांदेडातच होतं.

त्यांनी शंका काढायला सुरुवात केली. होडीचा विमा त्यांनी जन्मात काढला नव्हता, पण देवणी बैलांचे शेकड्यांनी काढले होते. जनावराच्या विम्याला फोटो लागतो: मालक उजव्या अंगाला उभा, एक हात जनावराच्या पाठीवर, दुसऱ्या हातात दावं, बिल्ल्याचा नंबर स्पष्ट. तसाच फोटो त्यांनी होडीचा मागवला. एका फोटोसाठी कोण कोचीला जातंय, असा त्यांचा हिशोब होता. हरिओमराव विमानानं गेले. चौथ्या दिवशी फोटो आला; साडू गॉगल लावून होडीच्या पाठीवर हात ठेवून उभे. नंबर स्पष्ट होता. त्याहून स्पष्ट गॉगल होता.

मग किशनरावांनी होडीची मागची दुखणी विचारली. हरिओमरावांनी तपासनीस लावला, तर तळाशी एक फळी कुजलेली निघाली. किशनरावांना त्या संध्याकाळी दोन घास जास्त गेले. पण आठवड्यात फळी बदलून झाली आणि साडूंचा गहिवरून फोन आला. "दाजी, तुमी इचारलं म्हणून कळलं. न्हाईतर बुडालोच असतो." आपल्या हातून साडूचा जीव वाचला, हे किशनरावांच्या मनाला फार लागलं.

तेव्हा त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. विमा कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला त्यांनी दोन पानांची टिपणी लिहिली. सदर होडीवरचे लोक कोरडवाहू भागातले असून त्यांना पाण्याची सवय नाही. सबब होडीवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे सरकारमान्य तरणतलावाचा पोहण्याचा दाखला असावा. आणि गुरांचे डॉक्टर जनावर न पाहता सह्या करतात हा जुना अनुभव असल्यानं, दाखला देणाऱ्यानं माणूस समक्ष पोहताना पाहिल्याशिवाय सही करू नये.

मुंबईचे साहेब खूश झाले. त्यांनी टिपणी जशीच्या तशी पॉलिसीत अट म्हणून घातली आणि किशनरावांना कौतुकाचं पत्र पाठवलं. ते त्यांनी बायकोला वाचून दाखवलं.

सुमनबाईंचा हात पिठातच थांबला. "समद्यांला दाखला लागंल?"

"समद्यांला. कोणी का असंना."

त्या दिवशीच्या भाकरी जरा जाड झाल्या.

आठ दिवसांनी हवालदार शंकरप्पा दारात येऊन उभे राहिले. दारात पोलीस पाहून किशनरावांना आधी ती म्हैस आठवली.

"लक्षद्वीपला जायलाव म्हणं," शंकरप्पा कागद बघत म्हणाले.

"कोण?"

"तुमी. आन बाई. बेटावर जायला चारित्र्य पडताळणी लागतीय. लातूरहून अर्ज गेलाय, तुमची दोघांची नावं एक नंबरला हायत. काही गुन्हा-बिन्हा?"

"त्यायच्यावर एकबी गुन्हा न्हाई," सुमनबाई चहा घेऊन आल्या. "नोंदलेला तरी न्हाई."

शंकरप्पा सह्या घेऊन गेल्यावर उलगडा झाला. किशनरावांच्या लग्नाला यंदा तीस वर्षं होत होती. पहिल्या सफरीचा मान दाजी आणि अक्काचा, हे हरिओमरावांनी होडी घेतानाच ठरवलं होतं. आधी कळलं तर दाजी नाही म्हणतील, म्हणून त्यांच्यापासून लपवलं होतं. आधारकार्ड आणि फोटो सुमनबाईंनीच पाठवले होते.

किशनरावांनी हळूच विचारलं, "यॉटवर झोपायची सोय कशी असते?"

त्याच दुपारी त्यांनी मुंबईला दुसरी टिपणी धाडली: पोहण्याची अट जाचक असून ती काढून टाकावी. साहेबांनी स्वतः फोन केला. "किशनराव, आता कसं काढणार? तुमची पहिली टिपणी आम्ही सगळ्या शाखांना पाठवलीय. नमुना म्हणून."

बाकीच्यांना अडचण नव्हती. हरिओमराव देवणीकडच्या खेड्यातले, विहिरीच्या काठावरून सूर मारत वाढलेले. दोघी बहिणी माहेरच्या मळ्यात आधी पोहायला शिकल्या, मग चुलीपुढं बसायला. चाळीस वर्षांनी पाण्यात उतरलेल्या सुमनबाईंनी तलावाच्या दोन फेऱ्या मारल्या आणि वर येऊन विचारलं की एवढंच का. किशनराव मात्र गोदावरीच्या काठी जन्मलेले. पाण्याशी त्यांचा संबंध नळाच्या वेळेपुरता.

तरी ते अकरा दिवस तलावावर गेले. पाठीला डबा बांधून पाण्यात उतरले आणि कठडा धरून उभे राहिले. शिकवणारा प्रीतम कांबळे भला माणूस होता. "काका, पाणी तुमाला धरतंय," तो रोज सांगे. "तुमी कठडा सोडा." किशनरावांनी सगळं केलं, कठडा सोडला नाही. बाराव्या दिवशी त्यांनी प्रीतमला बाजूला घेऊन विचारलं की नुसती सही करून भागणार नाही का.

प्रीतमनं खिशातून पॉलिसीचा कागद काढला. "भागलं असतं, काका. पण कुणीतरी लई डोकं चालवलंय. समक्ष बघितल्याशिवाय सही न्हाई."

एप्रिलात होडी निघाली. परवान्यावर एक नाव कमी होतं. हरिओमराव म्हणाले होते, आपण पुढच्या वर्षी जाऊ, दाजींशिवाय नको. सुमनबाई म्हणाल्या, नको कशाला.

नांदेडात पारा त्रेचाळीसवर होता. किशनराव उशाला ओला टॉवेल ठेवून पडले होते, तेव्हा मोबाईल वाजला. पांढरी वाळू, आणि नळाला कधी येत नाही अशा रंगाचं पाणी. सुमनबाई होडीच्या उजव्या अंगाला उभ्या, एक हात होडीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात दोर. डोळ्यांवर हरिओमरावांचा गॉगल. खाली लिहिलं होतं: 'नियमाप्रमाणं काढलाय. फायलीला लावा.'

किशनरावांनी सव्वीस वर्षांची नजर लावून फोटो तपासला. नंबर जुळत होता. होडी जुळत होती. बायको जुळत नव्हती. तीस वर्षांत इतकी हसलेली ती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी फोटो छापून आणला आणि फायलीला लावला. खाली एजंटनं 'समक्ष पाहिले' असं लिहून सही करायची असते. किशनरावांनी पेन उघडलं आणि एजन्सी जाईल तर जाईल म्हणत खरं काय ते लिहिलं: 'समक्ष पाहिले नाही.'